मधुकरनं बसवलेले ब्रेक

हे मी कधी सांगितलं नाही. बायकोला नाही, आईला नाही, ज्यांनी माझ्या गळ्यात हार घातले त्यांना तर नाहीच. फक्त एका माणसाला सांगितलं, गेल्या वर्षी. आणि ज्याला सगळ्यात आधी सांगायला हवं होतं, तोच तो माणूस होता. आज लिहायला बसलोय तेही त्याच्यामुळंच. कसं, ते पुढं येईल.

आधी एक गोष्ट स्वच्छ सांगून टाकतो. मी चांगला ड्रायव्हर होतो. कबुली द्यायला बसलेला माणूस उगाच मान खाली घालतो, मी कोणीच नव्हतो म्हणतो — तसं मी म्हणणार नाही, कारण ते खोटं होईल, आणि माझ्या वाट्याचं खोटं बोलून झालंय. मद्रासजवळच्या धावपट्टीवर, कलकत्त्याला, पुण्याकडच्या घाटाच्या चढावर मी शर्यती जिंकल्या त्या माझ्या हातापायांनी जिंकल्या. माझ्या वर्गाच्या गाड्यांत देशात पहिला आलो. नागपुरात मला उघड्या जीपमधून सीताबर्डीतून फिरवलं, दुकानदार गादीवरून उठून बाहेर आले. हे सगळं खरं आहे. म्हणून तर पुढचं सांगणं जड जातं. इतका चांगला ड्रायव्हर असलेल्या माणसाला खोट्याची गरजच काय होती?

मधुकर गजभियेपासून सुरुवात करतो.

तो नागपुरातल्याच इंदोरा वस्तीतला. कामठी रोडवर त्याचं गॅरेज होतं — पत्र्याची शेड, गाडीखाली उतरायला एक खड्डा, आणि दारावर त्यानंच रंगवलेली पाटी. फौजेच्या वर्कशॉपात काही वर्षं काढून आलेला. पण गरीब बिचारा मेकॅनिक वगैरे डोळ्यांपुढं आणू नका. अंगात इस्त्रीचा शर्ट, तेल लावून मागं वळवलेले केस, आणि आवाज असा की रस्त्यापलीकडच्या पानठेल्यावर ऐकू जावा. गिऱ्हाईक चुकीचं बोललं तर तोंडावर सांगायचा. एकदा मी म्हटलं, जरा सांभाळून बोलत जा, धंदा आहे. तर म्हणाला, "छप्पन साली मायचं बोट धरून मी दीक्षेच्या मैदानात उभा होतो गा, विनू. तवापासून मान खाली घालाची सवयच गेली."

मी जुन्या शहरातल्या महालातला. वडील सरकारी कचेरीत हेडक्लार्क, मी एका ट्रान्सपोर्टवाल्याच्या ऑफिसात. मामांची जुनी फियाट त्याच्याकडं दुरुस्तीला नेली, ती दुरुस्त झाली, आणि तरी माझं तिथं जाणं थांबलं नाही. संध्याकाळी ऑफिस सुटलं की सायकल कामठी रोडकडंच वळायची. वडिलांना ते आवडत नसे. का आवडत नसे ते त्यांनी कधी सांगितलं नाही, मी कधी विचारलं नाही.

सीताबर्डीच्या फुटपाथवर तेव्हा जुनी अमेरिकन मासिकं ढिगानं मिळायची. त्यातल्या एका अंकात तिकडच्या एका चॅम्पियन ड्रायव्हरवर लांबलचक लेख होता. जत्रेतल्या मातीच्या ट्रॅकवर शर्यती करत मोठा झालेला माणूस. पुढं देशातल्या सगळ्यात मोठ्या शर्यती त्यानं जिंकल्या. मधुकर तो लेख मोठ्यानं इंग्रजीत वाचायचा, मग मराठीत सांगायचा, मग आम्ही त्यावर भांडायचो. त्यात एक प्रसंग होता. हा ड्रायव्हर एकदा भयंकर आदळला. दवाखान्यात पत्रकारांनी विचारलं, गाडीत काय बिघडलं? तो म्हणाला, गाडी ठीक होती, चूक माझी होती. मधुकरला ते इतकं आवडलं की त्यानं त्या माणसाचा फोटो कापून शेडमध्ये चिकटवला. "पाह्य," म्हणाला, "याले म्हनते ड्रायव्हर. गाडीवर नाही ढकललं यानं."

मी तो फोटो रोज पाहत होतो — हे ध्यानात ठेवा. मला माहीत नव्हतं असं नाही.

मामांनी पुढं ती फियाट मलाच देऊन टाकली, आणि तिची आम्ही शर्यतीची गाडी केली. आम्ही म्हणतो, पण डोकं आणि हात त्याचे. मी पाने उचलून द्यायचो आणि गावाबाहेरच्या विमानांच्या जुन्या धावपट्टीवर गाडी पळवून, ती कुठं अडखळते ते सांगायचो. तोही चालवायचा. खरं सांगू? वळणावर तो माझ्यापेक्षा चांगला होता. शांत. गाडीला ओरबाडायचा नाही. शहरातल्या मोटार क्लबनं त्याच धावपट्टीवर शर्यत ठेवली तेव्हा आम्ही दोघांनी सभासद व्हायला अर्ज केले, कारण सभासदालाच गाडी उतरवता यायची. मी आठवड्यात सभासद झालो. त्याच्या अर्जाला होही आलं नाही, नाहीही आलं नाही.

तो हसला. "या खेपेले तू चालव. आपली गाडी जीतली का मंग मले कोन रोकते? पुढच्या खेपेले मी." ठरलं. हातावर हात मारून ठरलं.

शर्यतीच्या आदल्या दिवशी, दुपारी, त्यानं ब्रेकच्या नव्या नळ्या बसवल्या. तो खाली खड्ड्यात होता, मी वर वाकून बघत होतो. तो शेवटचा नट कसत असतानाच त्याच्या आईनं पाठवलेला डबा घेऊन शेजारचा माणूस आला, मी म्हटलं, चल, जेवून घेऊ. तो म्हणाला थांब, आणि पान्याला आणखी एक फेर दिला. मग वर आला. आम्ही जेवलो. वांग्याची भाजी होती.

आता शर्यत. इथं येईपर्यंत मी किती फिरलो बघा — वांग्याच्या भाजीपर्यंत गेलो. पण यावं लागणारच.

शेवटचा फेरा होता. मागची गाडी इतकी मागं पडली होती की आरशात नुसती धूळ दिसत होती. धावपट्टी संपते तिथं वाळू भरलेल्या पिंपांनी वळण आखलं होतं. वळणाच्या बाहेर दोरी, दोरीशी झेंडा घेऊन पांडे सर उभे. हे एका शाळेत कवायत शिकवायचे. क्लबनं झेंडा दाखवायला बोलावलं म्हणून हौसेनं आलेले. आणि वळणालाच लागून मांडव — क्लबचे सेक्रेटरी, पाहुणे, कॅमेरे. आधीच्या प्रत्येक फेऱ्यात मी तिथं वेळेवर ब्रेक मारला होता. गाडी दर वेळी शहाण्यासारखी हळू झाली, वळली. शेवटच्या फेऱ्यात मला वाटलं — ब्रेक न मारताच काढू. लोक बघताहेत. जिंकलो तर आहेच. नुसतं जिंकून काय?

माझा पाय ब्रेकवर गेलाच नाही. एवढंच झालं.

गाडी पिंपांना घासत सुटली, दोरी तोडली, आणि पांडे सर बाजूला उडी मारेपर्यंत त्यांच्यावर गेली. पुढं बांधाला आदळून थांबली. पुढचं चाक आत घुसलं, त्याबरोबर ब्रेकची नळी तुटली.

नळी आदळल्यावर तुटली की आदळायच्या आधी? पाहणाऱ्याला कळायला मार्ग नव्हता. ब्रेक मारल्याच्या खुणा डांबरावर नव्हत्या, कारण तो मारलाच नव्हता. सांगू शकणारा माणूस जगात एकच होता, आणि तो गळ्याखालचं हाड मोडून रामदासपेठेतल्या एका दवाखान्यात पडला होता.

खोलीत वडील होते, क्लबचे सेक्रेटरी होते, जबाब घ्यायला आलेले पोलीस जमादार होते. पांडे सरांचा पाय गुडघ्याखाली कापावा लागणार, हे नुकतंच कळलं होतं. जमादारांनी विचारलं, काय झालं? वडील माझ्याकडं बघत होते. मी म्हणालो, "ब्रेक लागला नाही."

सहज निघालं तोंडातून. मला वाटलं होतं अशा वेळी माणूस अडखळत असेल, घाम फुटत असेल. काही फुटलं नाही. मी ठामपणानं बोललो — मी प्रत्येक गोष्ट ठामपणानंच बोलायचो.

सेक्रेटरी म्हणाले, "त्या गॅरेजात गाडी देऊन राहिला तवाच म्हटलं होतं मी तुले. तिकडच्या लोकाइले असे नाजूक कामं —" वाक्य त्यांनी पुरं केलं नाही. खोलीत कोणाला ते पुरं करून घ्यायची गरज वाटली नाही. जमादारांनी मान हलवली. वडिलांनी सुस्कारा टाकला. त्यात सुटका होती, ती मी ऐकली. माझ्या खोट्याला पुरावा लागलाच नाही. तो लोकांच्या मनात आधीपासून तयार होता, आणि मला ते माहीत होतं. मी गप्प राहिलो. त्या गप्प राहण्याला काय म्हणायचं?

तासाभरानं मधुकर आला. शर्ट चुरगळलेला — तसा मी त्याला कधी पाहिला नव्हता. बाकीच्यांकडं न बघता थेट माझ्या खाटेशी आला.

"विनू, ब्रेक धरला नाही?"

"नाही गा."

"पेडल कडक होतं, का खाली गेलं?"

आता बघा. पेडल कडक असून गाडी थांबली नाही तर बिघाड वेगळा; पेडल भसकन खाली गेलं तर नळीतलं तेल गेलं, म्हणजे नळी सुटली. हे मला त्यानंच शिकवलं होतं, त्याच शेडमध्ये. मी एक क्षण विचार केला आणि म्हणालो, "खाली गेलं."

त्यानं माझ्यावर विश्वास ठेवला. हेच मला आजवर पेलत नाही. भांडला असता, खोटारडा म्हणाला असता, तर मीही भांडलो असतो आणि कदाचित भांडता भांडता खरं बाहेर आलं असतं. तो भांडला नाही. खाटेच्या कडेला हात ठेवून उभा राहिला आणि हळूच म्हणाला, "मंग तो नट राह्यला असंन माह्या हातून. डबा आला होता ना तवा."

मी तो फेर पाहिला होता. माझ्या डोळ्यांसमोर दिला होता त्यानं. मी डोळे मिटून घेतले, आणि दुखतंय असं समजून तो निघून गेला.

पोलिसांनी यांत्रिक बिघाड लिहून प्रकरण मिटवलं. शिक्षा कोणालाच झाली नाही — कागदावर तरी. गॅरेजची गिऱ्हाइकं तुटली, ते होणारच होतं. तेवढंच असतं तर मधुकरनं ते सोसलं असतं, आणखी मोठ्यानं बोलला असता. पण गिऱ्हाइकांच्याही आधी तो स्वतःवरचा भरवसा गमावून बसला. एकेक नट चार-चारदा तपासायला लागला. दिलेली गाडी परत बोलवायचा, पुन्हा उघडायचा. मग ब्रेकचं काम घेणं बंद केलं. मग शेडच बंद केली. गांधीबागेत मोटारीच्या पार्टांच्या एका दुकानात काउंटरवर नोकरी धरली — पार्ट विकायचा, बसवायचा नाही. त्याचा तो रस्त्यापलीकडं जाणारा आवाज मी पुन्हा ऐकला नाही. तो गाडी चालवायलाही पुन्हा बसला नाही. पुढची खेप त्याची होती.

आणि दर रविवारी तो पांडे सरांकडं जायचा. सुरुवातीला त्यांना ड्रेसिंगला नेण्यासाठी, मग लाकडी पायाची सवय करून देण्यासाठी, मग नुसता बसायला. पहिल्या दिवशी त्यानं सरांच्या अंगणात उभं राहून सगळ्या घरादेखत सांगितलं की चूक माह्या हातची आहे. मी एकदा सफरचंदांची करंडी पाठवली होती. स्वतः गेलो नाही. सरांनी उलट निरोप पाठवला, विनायकला म्हणावं जिवावर बेतलं होतं, वाचलास, देवाची कृपा.

मी मात्र वर चढत गेलो. हाड जुळलं, एका कारखानदारानं नवी गाडी दिली, दुसरा मेकॅनिक आला. गाडीत बसलो की माझं मन स्वच्छ असायचं, हेही खोटं सांगणार नाही. मला रात्री-अपरात्री स्वप्नं पडली नाहीत. वळणावर माझा पाय कधी डगमगला नाही. उलट, त्या अपघाताचीच मी गोष्ट केली. शाळांत भाषणाला बोलवायचे, रोटरीवाले बोलवायचे, आणि मी सांगायचो — ब्रेक गेले, मरण समोर दिसलं, तरी मी पुन्हा चाकामागं बसलो! पोरं टाळ्या पिटायची. एका शाळेत तर टाळ्या थांबेपर्यंत मला दोनदा थांबावं लागलं. ती पांडे सरांचीच शाळा होती.

देशात पहिला आलो त्यानंतर काही दिवसांनी, सकाळी, मधुकर घरी आला. पेढे घेऊन. मी एकटाच होतो — बायको माहेरी, आई देवळात, वडील तर आधीच गेलेले. जमादार नव्हते, सेक्रेटरी नव्हते. त्यानं पेढा माझ्या तोंडात घातला, खूप आनंद झाला म्हणाला, आणि तो आनंद खरा होता. मग चहाचा कप हातात धरून म्हणाला, "एक विचारू का गा? तू तवा वरून पाहून राहिला होता. मी नट कसला होता का नाही? मले आठवतच नाही. आठवाले गेलो का दोन्ही आठवते."

दोन शब्द लागत होते. कसला होतास. एवढे बोललो असतो तरी अपघाताचं बाकीचं लपून राहिलं असतं. नळी कशीही तुटली असेल म्हणून सोडून देता आलं असतं. त्याला एवढंच हवं होतं, आणि ते द्यायला माझं काही जात नव्हतं. कशाची भीती होती मला त्या सकाळी? मी चॅम्पियन होतो. तोंडात त्याचा पेढा होता.

"लक्षात नाही गा," मी म्हणालो.

दवाखान्यातलं खोटं भीतीपोटी होतं असं कोणी म्हणेल. हे नव्हतं. मला हे सांगायचं होतं. बाकी सगळं इथवर येण्यासाठी सांगितलं.

तो म्हणाला, "जाऊ दे. मंग माह्यंच चुकलं असंन." चहा पुरा प्यायला, आणि गेला.

गेल्या वर्षी पांडे सर वारले. वय झालं होतं. घाटावर गेलो तेव्हा मधुकरनं खांदा दिलेला होता. केस पांढरे, पाठ थोडी वाकलेली. सरांच्या मुलानं त्याला भावासारखं जवळ घेतलं. मी मागं उभा होतो, आणि लोक येऊन माझ्याशीच अदबीनं बोलत होते.

आठवड्यानं मी गांधीबागेत त्याच्या दुकानात गेलो. दुपारची वेळ, गर्दी नव्हती. काउंटरच्या अलीकडं उभा राहून सांगितलं. ब्रेक धरत होते. मी मारलाच नाही. नट तू कसला होतास, मी पाहिलं होतं. पेढे घेऊन आलास तेव्हाही मला आठवत होतं.

त्यानं समोरची बिलाची वही मिटली. मग म्हणाला, "पेडलले पायच लावला नाही?"

"नाही."

"काहून?"

"लोक पाहून राहिले होते म्हणून."

त्यानं मान हलवली. एखाद्या गाडीतला बिघाड अखेर सापडल्यावर हलवायचा तशी. मग त्याचा चेहरा बदलला.

"सर मले म्हनले होते, मधुकर, मी तुले माफ केलं. लय रडलो होतो गा मी त्या दिवशी. आता ती माफी मी कोनाले वापस करू? सर तर गेले."

मी काहीतरी म्हणायला तोंड उघडलं, त्यानं हात वर करून थांबवलं.

"मले सांगून तुहं हलकं झालं असंन. मले काहून सांगतो पन? मी का लोकाइले सांगत फिरू, माह्यं चुकलं नव्हतं म्हनून? जेवढ्याइसमोर बोलला होता, तेवढ्याइसमोर बोल. जाय."

गिऱ्हाईक आलं. त्याला स्कूटरचे ब्रेक-लायनर हवे होते. मधुकर ते काढायला आत गेला.

जेवढ्यांसमोर बोललो ते सगळे आता कुठं सापडणार? सेक्रेटरी नाहीत, वडील नाहीत. टाळ्या पिटणारी पोरं मोठी होऊन कुठं कुठं गेली. म्हणून लिहितोय. ज्यांनी माझं भाषण ऐकलं असेल, ज्यांनी त्या गॅरेजात गाडी नेणं बंद केलं असेल, ज्यांनी दवाखान्यातल्या त्या अर्ध्या वाक्यासारखी वाक्यं स्वतःच्या घरात पुरी केली असतील, त्यांच्यापैकी कोणी हे वाचेल. मधुकर गजभियेनं बसवलेले ब्रेक त्या दिवशी प्रत्येक फेऱ्यात धरले. शेवटच्या फेऱ्यात ते कोणी मारलेच नाहीत. पांडे सरांचा पाय माझ्यामुळं गेला.

मधुकर माझ्याशी बोलत नाही. दुकानासमोरून माझी गाडी गेली तर वर बघत नाही. त्यानं बघावं, असं मी म्हणणार नाही.